विद्यापीठाची जमीन आणि तिचा आराखडा

आपल्या राज्यातील जुनी विद्यापीठे आता अशा वयाला पोचली आहेत, की ज्या विस्तीर्ण माळांवर आणि बागांत त्यांचा प्रारंभ झाला त्या भरत आल्या असून, नवी इमारत कोठे उभारावी हा प्रश्न व्यवस्थापन परिषदेसमोर वारंवार येऊ लागला आहे. विद्यापीठ अभियंते, वास्तुविशारद, उद्यान अधीक्षक आणि कुलसचिव हा या मासिकाचा वाचकवर्ग. त्यांच्यापैकी अनेकांच्या मेजावर या घडीला पुढील वीस-तीस वर्षांच्या आराखड्याचे काम असेल. त्या कामाचा आरंभ इमारतींच्या यादीपासून करू नये, कोणत्या जमिनीवर कधीही बांधावयाचे नाही हे प्रथम ठरवावे आणि त्या निर्णयाला सर्वांत भक्कम संरक्षण द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या मताला आधार म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँताक्रूझ येथील परिसराचा इतिहास पाहण्याजोगा आहे. माँटेरे उपसागराच्या वरच्या अंगाला, कॉवेल घराण्याच्या जुन्या कुरणाच्या सुमारे दोन हजार एकर जमिनीवर 1965 साली तेथे अध्यापन सुरू झाले. त्याच्या दोन वर्षे आधी वास्तुविशारद जॉन कार्ल वॉर्नेकी आणि उद्यानरचनाकार थॉमस चर्च यांनी परिसराचा पहिला दीर्घकालीन आराखडा सिद्ध केला होता. त्यात 1990 पर्यंत 27,500 विद्यार्थी होतील असे धरलेले होते. प्रत्यक्षात 1990 साल उजाडले तेव्हा तेथे त्याच्या निम्मेही विद्यार्थी नव्हते. पुढे संख्या चढू लागली तसा पाणी, घरे आणि रहदारी या तीन बाबींवरून गावाशी तंटा झाला, तो न्यायालयापर्यंत गेला, आणि 2008 च्या तडजोडीने 19,500 ही मर्यादा पडली. 2021 मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात 2040 सालासाठी 28,000 हा आकडा आहे. म्हणजे मूळ आराखडा ज्या संख्येसाठी आखला होता, ती संख्या गाठण्याची मुदत पन्नास वर्षांनी पुढे गेली. अनुमान करणारी माणसे अननुभवी होती असे मुळीच नव्हे. जन्मदर, राज्याची तिजोरी, तरुणांची अभिरुची आणि शेजाऱ्यांची सहनशीलता या चारही गोष्टी कोणत्याही नियोजनकाराच्या आटोक्याबाहेरच्या असतात, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु त्याच आराखड्यातील दुसरा एक निर्णय आज साठ वर्षांनंतरही उभा आहे. दक्षिणेकडे समुद्राच्या दिशेने उतरत जाणारे मोठे कुरण मोकळे सोडावे, इमारती वरच्या बाजूस वनाच्या कडेला आणि रेडवुडच्या राईत न्याव्यात, आणि तेथेही वर्चस्व वृक्षांचे राहावे, इमारतींचे नव्हे, असे त्या मंडळींनी ठरविले. ज्या उघड्या जमिनीवर सडक नेणे आणि पाया खणणे सर्वांत स्वस्त पडले असते, नेमकी तीच त्यांनी बाजूला ठेवली. अलीकडे परिसराच्या पूर्वेकडील कुरणाच्या एका कोपऱ्यावर सकुटुंब राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी घरे बांधण्याची योजना आली, तेव्हा तिला आजी-माजी मंडळींनी जो कडवा विरोध केला, त्याचे बळ या जुन्या लेखी संकेतातच होते. घरांची गरज खरी होती आणि विरोधही खरा होता. तरी तो वाद होऊ शकला, जमीन मुकाट्याने गेली नाही, हे आराखड्याचे श्रेय मानले पाहिजे.

आपल्याकडे मात्र जमीन जाते ती बहुधा मुकाट्यानेच, आणि त्याला कोणाचा दुष्ट हेतू कारण नसतो. कुलगुरूंची कारकीर्द पाच वर्षांची. नवी महाविद्यालये कोठे निघावीत याविषयी 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने बंधनकारक केलेला बृहत् आराखडाही पाच वर्षांचाच. आणि अनुदानाची मुदत तर पुष्कळदा येत्या मार्चअखेरची. मंजुरीचा कागद हाती येतो तेव्हा खर्चासाठी चार-सहा महिने उरलेले असतात, आणि अशा घाईत अभियंत्याला हवी असते ती सपाट, रस्त्यालगतची, जेथे झाड तोडण्याची परवानगी लागत नाही आणि विजेची व पाण्याची वाहिनी हाकेच्या अंतरावर आहे अशी जागा. अशी जागा म्हणजे क्रीडांगणाची कड, ग्रंथालयापुढचे पटांगण, किंवा पावसाचे पाणी जेथे मुरते तो सखल तुकडा. प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर समर्थनीय असतो. वीस वर्षांनी एकत्र पाहिले म्हणजे सर्वांत मोलाची जमीन गेलेली असते आणि अवघड उतारावरची, कोपऱ्यातली, उपयोगास कठीण अशी शिल्लक राहिलेली असते.

पुणे विद्यापीठाचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. गणेशखिंडीतील गव्हर्नरांचे जुने निवासस्थान व भोवतीची चारशे एकरांहून अधिक जमीन 1949 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला लाभली, आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांसारखा पहिला कुलगुरू लाभला. पुढे या आवारात आयुका, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, सी-डॅक, पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र अशा संस्था आल्या. भौतिकीच्या विद्यार्थ्याला पायी चालत जाऊन खगोलशास्त्रज्ञांची व्याख्याने ऐकता यावीत, ही गोष्ट कोणत्याही विद्यापीठाने अभिमानाने सांगावी अशीच आहे, आणि चार्ल्स कोरियांनी आयुकासाठी रचलेली चौकांची वास्तू हे त्या आवाराचे भूषण आहे. तथापि दुसऱ्या संस्थेला दिलेला भूखंड व्यवहारतः कायमचा दिला जातो. म्हणून असा प्रत्येक करार करताना त्या संस्थेचे स्वतंत्र कुंपण, स्वतंत्र प्रवेशद्वार आणि स्वतंत्र वाहनतळ यांमुळे मूळ परिसराच्या पायवाटा तुटणार नाहीत ना, हे आराखड्यावर बोट ठेवून पाहिले पाहिजे. शिवाय विद्यापीठाचा आराखडा त्याच्या भिंतीपाशी संपत नाही. औंध, बाणेर आणि पाषाण येथील रस्ते ज्या विद्यापीठ चौकात येऊन मिळतात, तेथील उड्डाणपूल दोन दशकेही न टिकता 2020 मध्ये मेट्रो व नव्या दुमजली पुलासाठी पाडावा लागला. शहराच्या नियोजनाची दृष्टी इतकी आखूड असेल, तर शेजारी असलेल्या विद्यापीठाने आपली दृष्टी त्याहून लांब ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

आता जमिनीच्या पोटातील गोष्ट. कोणत्याही जुन्या आवारात जाऊन मुख्य जलवाहिनीची झडप कोठे आहे असे विचारावे. दप्तरात नकाशा सापडला तर तो मूळ निविदेचा असतो, प्रत्यक्ष काम झाल्यानंतरचा नसतो, आणि शेवटी निवृत्त झालेल्या एखाद्या फिटरला घरून बोलवावे लागते. तो येतो, वसतिगृहाच्या मागच्या कडुलिंबापासून पावले मोजतो आणि येथे खणा म्हणून सांगतो. त्या माणसाच्या स्मृतीत जे आहे ते नकाशावर उतरवून घेणे, चेंबरांची पातळी मोजणे, विजेच्या तारा, सांडपाण्याचे नळ आणि पावसाळी गटारे एकाच पटावर आणणे, हद्दीचे दगड भूमि-अभिलेख खात्याच्या मोजणीशी ताडून पाहणे, हे काम कोणत्याही संकल्पचित्रापेक्षा अगोदर व्हावयास हवे. यासाठी तरतूद मागितली असता, दाखविण्याजोगे असे यातून काय उभे राहणार, असा प्रश्न येतो. तेव्हा अभियंत्यांनी दबू नये.

आराखडा मुळी असूच नये, असे म्हणणाराही एक विचारपक्ष आहे. ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ऑरेगॉन विद्यापीठासाठी जे प्रयोग केले व 1975 साली ग्रंथरूपाने मांडले, त्यांत ठरावीक नकाशाऐवजी काही तत्त्वे स्वीकारून, लहान लहान कामांनी, वापरणाऱ्यांच्या सहभागाने परिसर वाढवावा असे प्रतिपादन आहे. त्यांतली एक सूचना आम्हांला विशेष ग्राह्य वाटते: दरवर्षी साऱ्या आवाराचा एक निदान-नकाशा काढावा, कोणती जागा चैतन्याने भरलेली आहे आणि कोणती ओस पडली आहे हे त्यावर नोंदवावे, आणि दुरुस्तीची कामे त्यावरून निवडावीत. इमारतींच्या बाबतीत ही लवचिकता योग्यच आहे. पाणी आणि मोकळी जमीन यांच्या बाबतीत मात्र ती धोक्याची ठरते, कारण तेथे एकदा झालेली चूक पुढच्या लहान कामाने दुरुस्त होत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने, ज्याची स्थापना 1962 साली सागरमाळाच्या खडकाळ पठारावर झाली, तलाव, विहिरी व शेततळी यांत पावसाचे पाणी धरून आपली पाण्याची गरज बव्हंशी आपणच भागविण्यापर्यंत मजल मारली, ती पाणलोटाची जमीन मोकळी राहिली म्हणूनच.

तेव्हा आमची सूचना अशी आहे. आराखड्याच्या पहिल्या पटावर ओढे, पाणलोट, मोठे वृक्ष, मुख्य पायवाटा आणि राखीव मोकळी जमीन एवढेच दाखवावे, आणि तो पट अधिसभेपुढे ठेवून संमत करून घ्यावा. इमारतींचा पट त्याच्यावरचा, दर पाच वर्षांनी बदलता येईल असा असावा, आणि विद्यार्थिसंख्येचे अनुमान त्या दुसऱ्या पटापुरतेच लागू समजावे. पहिल्या पटातील एक गुंठाही वापरावयाचा झाल्यास त्याचा ठराव लागोपाठच्या दोन व्यवस्थापन परिषदांनी, म्हणजे निरनिराळ्या मुदतींच्या दोन मंडळांनी, कारणे नमूद करून संमत केल्याशिवाय त्याचा अंमल होऊ नये. आलेले अनुदान यामुळे क्वचित परत जाईल. ते जाऊ द्यावे.