पुरस्कारानंतर सॉफ्टवेअर कोण सांभाळणार?

२०२२ च्या जुलैमध्ये राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत केसपेपर पुन्हा हाताने लिहिले जाऊ लागले. संगणकावरची नोंदप्रणाली चालवणारी कंपनी आणि शासन यांच्यातला पैशांचा वाद टोकाला गेला आणि प्रणाली बंद पडली. रुग्णाला आधी कोणते औषध दिले होते, मागच्या वेळी हिमोग्लोबिन किती होते, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना काही त्रास झाला होता का, अशा जुन्या नोंदी डॉक्टरांच्या नजरेआड गेल्या. नोंदी रुग्णांच्या आणि लिहिल्याही सरकारी डॉक्टरांनी, तरी त्या उघडणारी किल्ली तिसऱ्याकडेच होती.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ओपन सोर्स, हा विषय संगणकवाल्यांपुरता नाही तो यामुळेच. अशा सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, तपासता येतो, आपल्या गरजेप्रमाणे बदलता येतो. वैद्यकातला जवळचा दाखला जलसंजीवनीचा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मोजून केलेले मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांना पाजायला दिले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. त्या मिश्रणाचे पेटंट घेतले गेले नाही. कृती उघडी होती, म्हणूनच ती खेड्यापाड्यांत पोहोचली. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेले आणि पद्मविभूषण जाहीर झाले ते २०२३ च्या जानेवारीत. मधली पन्नास वर्षे पाकिटे तयार होत राहिली, कारण ती तयार करणारे कारखाने होते, वाटणाऱ्या आरोग्यसेविका होत्या आणि त्यांचा पगार कोणीतरी देत होते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत नेमकी हीच बाजू अर्धवट राहते.

भारतीय मुक्त स्रोत प्रकल्पांचे कौतुक अलीकडे वाढले आहे आणि ते योग्यच आहे. फॉस युनायटेड ही संस्था दरवर्षी ‘फॉस हॅक’ ही स्पर्धा घेते, परिषद भरवते, निवडक प्रकल्पांना अनुदान देते. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२१ मध्ये सरकारी कामासाठी मुक्त स्रोत उत्पादनांची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा आरोग्य हे त्यातले एक क्षेत्र होते. त्याच्या आदल्या वर्षी, मे महिन्यात, आरोग्य सेतू ॲपचा अँड्रॉइड मजकूर खुला करून त्यातली सुरक्षेची भोके दाखवणाऱ्यांना एक लाख रुपयांपर्यंत बक्षीस ठेवले गेले.

या साऱ्या चळवळीची मुळे शोधायला मुंबईकराला फार लांब जावे लागत नाही. फॉस युनायटेड आधी ‘ईआरपीनेक्स्ट’ या सॉफ्टवेअरच्या नावाची संस्था होती. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या फ्रॅपे कंपनीचे कार्यालय विद्याविहारला, म्हणजे घाटकोपरच्या अलीकडच्या स्टेशनाजवळ. रुशभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्याचा हिशेब आणि साठा सांभाळण्यासाठी सुरू केलेले काम आज अनेक देशांत वापरले जाते. दवाखाने आणि रुग्णालयांसाठीचा भाग त्यावरच उभा राहिला. पवईच्या आयआयटीत ‘फॉसी’ हा प्रकल्प अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांना महागड्या परवान्यांऐवजी मुक्त सॉफ्टवेअर शिकवतो. तिथल्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ पद्धतीतून डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली स्तनपान आणि पोषणावरच्या चित्रफिती अनेक भारतीय भाषांत तयार झाल्या. बाळाला छातीशी नेमके कसे धरायचे, हे मराठीत पाहून शिकलेल्या आईला हे सगळे मुक्त परवान्यामुळे घडले याची कल्पनाही नसते. नसायला हरकतही नाही.

तरी पुरस्कारांचा एक दोष मान्य करायला हवा. ते नव्याला मिळतात. दोन दिवसांच्या स्पर्धेत विद्यार्थी रुग्णालयासाठी ॲप बनवतात, पडद्यावर ते सुंदर दिसते, टाळ्या पडतात आणि ते कोणत्याही वॉर्डात पोहोचत नाही. वॉर्डातल्या अडचणी रुक्ष असतात. एकाच नावाच्या तीन सुनीता जाधव एकाच दिवशी येतात आणि नावाचे स्पेलिंग प्रत्येक खिडकीवर वेगळे होते. वय ‘साधारण साठ’ असते. मिलिग्रॅमच्या जागी मिलिलिटर निवडले गेले, तर यंत्राने अडवायला हवे. रात्री दोन वाजता सर्व्हर बसला तर कोणाला फोन करायचा, हे भिंतीवर लिहिलेले असायला हवे. या दुरुस्त्यांना करंडक कोण देणार?

ज्यांनी हे चिकाटीने केले त्यांचे उदाहरण छत्तीसगडमध्ये आहे. गनियारी इथे एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी उभारलेल्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात ‘बाहमनी’ ही प्रणाली प्रथम रुजली. तिचा पाया आहे ‘ओपनएमआरएस’. केनियातल्या एचआयव्ही रुग्णांच्या नोंदींच्या गरजेतून वाढलेल्या या सॉफ्टवेअरला २०१२ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा सामाजिक उपयोगाचा पुरस्कार मिळाला होता. (त्याच्या आदल्या वर्षी तो ‘ग्नू हेल्थ’ला आणि २००६ मध्ये त्सुनामीनंतर श्रीलंकेत तयार झालेल्या ‘सहाना’ला मिळाला. आरोग्य आणि आपत्ती या दोन गोष्टी या पुरस्काराच्या यादीत वारंवार दिसतात.) बाहमनी टिकली ती पुरस्कारामुळे नव्हे. पगारी प्रोग्रॅमर डॉक्टरांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे काम करत राहिले आणि पुढे अनेक संस्थांनी मिळून तिची जबाबदारी घेतली, म्हणून ती टिकली.

असे झाले नाही तर काय होते, याचे दोन दाखले डॉक्टरांनीही लक्षात ठेवावेत. २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची चूक सापडली. जगातल्या असंख्य संकेतस्थळांची कुलपे या सॉफ्टवेअरवर चालत होती आणि त्याला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या होत्या दोन हजार डॉलरच्या आसपास. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालयसमूहातून ४५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली. चोर याच भोकातून आत शिरले, असे सुरक्षातज्ज्ञांनी सांगितले.

दुसरी घटना २०२४ च्या मार्चमधली. ‘एक्सझेड’ नावाचे फाइल लहान करणारे साधे साधन एकच माणूस वर्षानुवर्षे विनामोबदला सांभाळत होता. आपली मानसिक प्रकृती बरी नाही आणि हे बिनपगारी छंदाचे काम आहे, असे त्याने २०२२ मध्ये जाहीरपणे लिहिले होते. बदल लवकर का होत नाहीत, म्हणून लोक त्याच्यामागे लागले होते. मदतीला आलेल्या एका अनोळखी सहकाऱ्याने दोन वर्षांत विश्वास कमावला आणि हळूच चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या किरकोळ शंकेवरून एका अभियंत्याने तो पकडला, नाहीतर अनर्थ होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ हा आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदला आहे. संपूर्ण थकवा, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, ही त्याची तीन अंगे. निवासी डॉक्टरांत हे दिसते तेव्हा त्याचा संबंध कामाच्या तासांशी आणि मनुष्यबळाशी जोडला जातो. एकट्याने सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याच्या बाबतीत मात्र ‘आवडीचे काम आहे’ म्हणून तो प्रश्न बाजूला पडतो. मानपत्राने झोप भरून निघत नाही.

पैशांचे मार्ग आहेत. जर्मनीने २०२२ पासून सरकारी निधीतून अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीला पैसे द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे झिरोधाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जगभरच्या मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. आपल्याला किती पैसे हवेत आणि कशासाठी, हे त्यासाठी प्रकल्पानेच एका ठरावीक फाइलमध्ये लिहायचे असते. पण खासगी औदार्य हा सार्वजनिक आरोग्याचा कणा होऊ शकत नाही. सरकारी कामांत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे आणि ते वगळायचे असेल तर पुरवठादाराने कारण द्यावे, असे केंद्राचे धोरण २०१५ पासून आहे. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, एवढे मात्र निविदा लिहिणाऱ्यांच्या गळी उतरायला वेळ लागतो आहे. परवान्याचे वाचलेले पैसे माणसांवर खर्च करावेच लागतात.

बोरिवली-मुलुंडच्या छोट्या नर्सिंग होमपासून घाटकोपरच्या राजावाडीपर्यंत सगळ्यांनाच आता नोंदी डिजिटल करायच्या आहेत, ‘आभा’ क्रमांकाशी जोडायच्या आहेत. सॉफ्टवेअर निवडताना किमतीच्या आधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. करार संपला तर साऱ्या नोंदी दुसऱ्या प्रणालीत वाचता येतील अशा स्वरूपात किती दिवसांत मिळतील? मूळ मजकूर कोणाच्या ताब्यात राहील? आणि पाचव्या वर्षी दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून निघेल? तिसऱ्या प्रश्नावर बैठकीत बहुधा शांतता पसरते आणि चहा येतो.