‘जपान सध्या स्वस्त आहे’ हे नेमकं कोणासाठी खरं? ओसाकाच्या एका सहलीचा हिशेब

गेली दोन-तीन वर्षं इन्स्टाग्राम उघडलं की जपान दिसतं. कुणी ओसाकाच्या दोतोनबोरी कालव्याकाठी धावणाऱ्या ग्लिको माणसासारखे हात वर करून उभं असतं, कुणी वाफाळत्या ताकोयाकीवर फुंकर मारत असतं, आणि खाली ठरलेली ओळ असते: ‘येन पडलाय, आत्ताच जा!’

लोक खरोखर निघालेही आहेत. २०२४ मध्ये जपानला सुमारे ३ कोटी ६९ लाख परदेशी पाहुणे आले, तो त्या वेळचा विक्रम होता. २०२५ मध्ये हा आकडा ४ कोटींच्या पुढे गेला. भारतातून २०२४ मध्ये सव्वादोन लाखांहून अधिक लोक गेले होते, २०२५ मध्ये तीन लाखांहून अधिक. पण ‘येन पडलाय’ हे वाक्य बहुतेक वेळा डॉलरमध्ये कमावणाऱ्या माणसाचं असतं. आपला पगार रुपयात होतो, त्यामुळे आपलं गणित वेगळं आहे.

येन पडला, पण रुपयाही पडला

२०१२ साली एका डॉलरला साधारण ८० येन मिळत. जुलै २०२४ मध्ये हा दर १६१ पर्यंत गेला, म्हणजे १९८६ नंतरचा येनचा नीचांक. २०२५ च्या अखेरीला तो १५५ च्या आसपास होता. अमेरिकन पर्यटकासाठी जपान जवळजवळ निम्म्या किमतीत आलं ते असं.

आता आपलं बघा. २०१२ मध्ये डॉलर साधारण ५३ रुपयांना होता, २०२५ च्या अखेरीला तो ९० च्या घरात गेला. म्हणजे १०० येनसाठी आपण तेव्हा साधारण ६६ रुपये मोजत होतो आणि आता ५८ च्या आसपास मोजतो. फरक जेमतेम १२ टक्क्यांचा. पन्नास टक्के सवलत अमेरिकेला मिळाली, आपल्या वाट्याला दिवाळी सेल आला.

तरीही जपान आपल्याला पूर्वीपेक्षा परवडतं, कारण त्या काळात जपानमध्ये किमती फारशा हलल्याच नाहीत. जपानी अर्थव्यवस्थेचा तो जुना आजार. आपल्याकडे दहा-बारा वर्षांत हॉटेलचं बिल दुप्पट झालं आणि पगारही वाढले, तिकडे मात्र नूडल्सचा वाडगा जवळपास त्याच भावात मिळत राहिला.

ते दिवसही सरत आले आहेत. २०२२ पासून जपानमध्ये महागाई परतली. २०२५ मध्ये तांदळाची पाच किलोची पिशवी ४,००० येनच्या वर गेली, म्हणजे वर्षभरात भाव जवळजवळ दुप्पट. सरकारला राखीव साठा बाजारात आणावा लागला. ‘मला तांदूळ विकत घ्यावाच लागत नाही, समर्थक देतात’ अशा अर्थाचं बोलून गेलेल्या कृषिमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. रामेनच्या दुकानदारांमध्ये ‘हजार येनची भिंत’ असा शब्दप्रयोग आहे. वाडग्याची किंमत हजारावर नेली तर गिऱ्हाईक येणार नाही, ही भीती. ती भिंत आता बऱ्याच ठिकाणी पडली आहे.

त्यात बँक ऑफ जपानने मार्च २०२४ मध्ये उणे व्याजदर संपवला आणि डिसेंबर २०२५ मध्ये दर ०.७५ टक्क्यांवर नेला, तीस वर्षांतला सर्वांत जास्त. येन कुठे जाईल हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. म्हणून बजेट आखताना १०० येन म्हणजे ६० रुपये धरा. हिशेबही सोपा होतो आणि थोडी गादीही राहते.

ओसाकाच का?

तोक्योला सगळे जातात. क्योतोला तर इतके जातात की तिथल्या लोकांना बसमध्ये जागा मिळेनाशी झाली आहे. पोट आणि पाकीट दोन्ही सांभाळायचं असेल तर मुक्काम ओसाकात करावा, असं माझं मत आहे.

या शहराची जुनी ओळखच ‘देशाचं स्वयंपाकघर’ अशी आहे. एदो काळात देशभरातल्या सरदारांचा तांदूळ ओसाकाच्या गोदामांत येई. दोजिमा इथल्या तांदूळ बाजाराला १७३० मध्ये शोगुनच्या सरकारची मान्यता मिळाली, आणि जगातला पहिला संघटित वायदे बाजार म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. उत्तरेतल्या होक्काइदोहून जहाजं कोंबु नावाचं समुद्री शेवाळ घेऊन येत. त्या कोंबुच्या अर्कावर ओसाकाची चव उभी आहे. ‘क्योतोचा माणूस कपड्यांपायी कंगाल होतो, ओसाकाचा खाण्यापायी’ अशा अर्थाची जपानी म्हण आहे. त्यातला खाऊन कंगाल होण्याचा शब्द, ‘कुइदाओरे’, ओसाकाचे लोक अभिमानाने मिरवतात.

इथलं खरं स्थानिक खाणं रस्त्यावरचं आणि पिठाचं आहे. ताकोयाकी म्हणजे ऑक्टोपसचा तुकडा घातलेले आप्पे. तवासुद्धा आपल्या आप्पेपात्राचाच भाऊ, फक्त खळगे जास्त आणि उलटवायची काडी टोकदार. सहा-आठ नगांना ५०० ते ८०० येन. ओकोनोमियाकी हे भरपूर कोबी घातलेलं जाड धिरडं, हजार ते दीड हजार येन, आणि एकात पोट भरतं. शिनसेकाई भागात कुशिकात्सु मिळतं, म्हणजे काडीला टोचून तळलेलं काहीही: मांस, कांदा, कमळकाकडी. सगळ्यांच्या सामाईक सॉसच्या भांड्यात उष्टी काडी दुसऱ्यांदा बुडवायची नाही, हा तिथला प्रसिद्ध नियम. करोनानंतर अनेक दुकानांनी भांडं काढून बाटली ठेवली.

कुरोमोन बाजाराबद्दल रील्स फार प्रेमाने बोलतात. तिथल्या बऱ्याच दुकानांचे भाव आता पर्यटकांसाठीच लावलेले आहेत. त्यापेक्षा तेनजिनबाशिसुजी गाठा. अडीच किलोमीटरहून लांब, छपराखालचा हा बाजार जपानमधला सर्वांत लांब मानला जातो, आणि तिथे स्थानिक लोक भाजी, चपला, चष्मे घ्यायला येतात. दुपारी अकरा ते दोनच्या वेळेत ‘तेइशोकु’ मागा. भात, सूप, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ, अशी ही थाळी हजार येनच्या आसपास मिळते. तेच दुकान रात्री दीडपट घेतं.

शाकाहारींनी थोडं सावध राहावं

‘निकु’ म्हणजे मांस. ‘निकु नको’ म्हटलं की तुकडे जातात, पण सुपाखालचा अर्क राहतो. त्या ‘दाशी’त बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या माशाचा कीस असतो. ओसाकाचा प्रसिद्ध कित्सुने उदोन दिसायला शाकाहारी आहे, वर गोडसर तोफूची चकती असते, पण रस्सा सहसा माशाचाच. ओकोनोमियाकीवर वाफेने हलणारे पातळ काप दिसतात, तेही मासेच. त्यामुळे ‘मांस, मासे आणि माशाची दाशी चालत नाही’ असं जपानीत लिहिलेली चिठ्ठी फोनमध्ये ठेवा. विनोदबुद्धीने घ्याल तर निभेल, अंदाजाने मागवाल तर नाही.

अर्ध्या तासावर कोबे आहे. तिथे मेइजी काळापासून भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती आहे आणि १९८५ मध्ये बांधलेलं जैन मंदिरही. अगदीच अडलं तर डाळभात मिळतो. पण स्थानिक आणि पूर्ण शाकाहारी असं दोन्ही हवं असेल तर कोयासान डोंगरावर जावं लागतं, त्याबद्दल पुढे.

स्वस्त खोलीच्या मागे काय आहे?

ओसाकातली सर्वांत स्वस्त राहण्याची जागा शोधली की नकाशा बहुतेक वेळा शिन-इमामिया स्टेशनाजवळ नेतो. हा निशिनारी प्रभाग. जपानच्या भरभराटीच्या काळात इथे रोजंदारीवरचे मजूर राहत. १९७० च्या ओसाका एक्स्पोची बांधकामं अशाच हातांनी केली. त्यांच्यासाठीच्या चिंचोळ्या खोल्यांच्या ‘दोया’ लॉज आता बॅकपॅकरांची होस्टेलं झाल्या आहेत. मजूर म्हातारे झाले. त्यांचं जुनं कामगार केंद्र २०१९ मध्ये बंद झालं आणि त्याच्याभोवती राहणाऱ्या बेघरांना डिसेंबर २०२४ मध्ये हटवण्यात आलं. स्टेशनासमोर २०२२ पासून एका मोठ्या साखळीचं चकचकीत हॉटेल उभं आहे. इथे राहायला काहीच हरकत नाही, भागही सुरक्षित आहे. फक्त रस्त्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढू नयेत.

दुसरा स्वस्त पर्याय म्हणजे घरगुती भाड्याच्या खोल्या. जपानमध्ये ‘विशेष क्षेत्र’ सवलतीखाली चालणाऱ्या अशा खोल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक एकट्या ओसाका शहरात आहेत. शेजाऱ्यांच्या कचरा आणि गोंगाटाच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की मे २०२६ अखेरीनंतर नवे अर्ज न घेण्याचं शहराने ठरवलं. गिरगावात किंवा पणजीच्या फोंतेन्यासमध्ये राहणाऱ्यांना ही तक्रार समजावून सांगायला नको.

तात्पुरता दिलासा राजकारणातून आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान ताकाइची यांच्या तैवानविषयीच्या विधानानंतर चीनने आपल्या नागरिकांना जपानला न जाण्याचा सल्ला दिला. ओसाकाचं पर्यटन चिनी पाहुण्यांवर बरंच अवलंबून. विमानं रद्द झाली आणि ओसाका-क्योतो पट्ट्यात हॉटेलांचे दर उतरले. हे किती टिकेल ते बीजिंग आणि तोक्योवर आहे.

पाहुण्यांसाठी वेगळा भाव

ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा जपान रेल पास २९,६५० वरून थेट ५०,००० येन झाला. तोक्यो-ओसाका शिनकान्सेनचं एका वेळचं तिकीट १४ हजारांच्या आसपास आहे, म्हणजे येऊन-जाऊनही पासाची किंमत वसूल होत नाही. तरी जुन्या व्हिडिओंमध्ये ‘पास घ्याच’ असतं. घेऊ नका.

ओसाका किल्ल्याचं तिकीट एप्रिल २०२५ पासून ६०० वरून १,२०० येन झालं. क्योतोने मार्च २०२६ पासून मुक्कामाचा कर वाढवला. सर्वांत महागड्या खोल्यांना तो माणशी रात्री १०,००० येनपर्यंत आहे, पण ६,००० येनपेक्षा कमी दराच्या खोलीला २००च. ओसाकाचा कर ५,००० येनपासून सुरू होतो, तोही २०० येन. देश सोडतानाचा कर जुलै २०२६ पासून १,००० वरून ३,००० येन करायचं ठरलं. हिमेजी किल्ल्याने तर मार्च २०२६ पासून शहरवासीयांना १,००० आणि बाहेरच्यांना २,५०० असा सरळ दुहेरी भाव लावला.

हा भेदभाव आहे का? जपानमध्ये यावर वाद आहे, आणि जुलै २०२५ च्या निवडणुकीत ‘जपानी आधी’ म्हणणाऱ्या पक्षाच्या जागा वाढल्यानंतर त्याला धारही आली आहे. पण हिमेजीची रेघ स्थानिक आणि बाहेरचे अशी आहे, वंश वा पासपोर्टावर नाही. तोक्योचा जपानी माणूसही २,५०० च देतो. आणि वेरूळला भारतीयाकडून ४० आणि परदेशी माणसाकडून ६०० रुपये घेणाऱ्या देशातून आलेल्या आपण फार कुरकुर करणं बरं दिसत नाही.

फुकटात किंवा थोडक्यात काय बघावं?

किल्ल्याचा मुख्य बुरूज १९३१ मध्ये काँक्रीटमध्ये बांधलेला आहे. आत वस्तुसंग्रहालय आणि लिफ्ट. बाहेरचे खंदक आणि प्रचंड दगडी तट फुकट पाहता येतात, आणि तेच जास्त बघण्यासारखे आहेत. सुमियोशी ताइशा देवस्थानात प्रवेश विनामूल्य. इ. स. ५९३ मध्ये स्थापन झालेल्या शितेन्नोजी मठाचं बाहेरचं आवारही तसंच.

पैसे खर्च करायचे तर बुनराकुवर करा. एक बाहुली तीन माणसं मिळून हलवतात, शेजारी एक गायक सगळ्या पात्रांचे आवाज काढतो आणि साथीला शामिसेन. ही कला ओसाकात वाढली. राष्ट्रीय बुनराकु नाट्यगृहात पूर्ण खेळ महाग आणि लांबलचक असतो, पण एकाच अंकाचं स्वस्त तिकीटही मिळतं. खेळ वर्षभर नसतात, तारखा बघूनच विमानाचं तिकीट काढा.

आणि कोयासान. नांबा स्टेशनावरून नानकाई रेल्वे आणि मग केबल कार, दोन तासांच्या आत. इ. स. ८१६ मध्ये कुकाई या भिक्षूने वसवलेलं हे बौद्ध क्षेत्र. मठांतलं ‘शोजिन र्योरी’ जेवण मांस-मासे वर्ज्य, कांदा-लसूणही नाही, अर्क कोंबु आणि मशरूमचा. मठात मुक्काम केला तर बजेट मोडेल, दुपारचं जेवण करून परतता येतं. इथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे आणि आताचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. मराठी रील्समध्ये तो अजून फारसा दिसत नाही.

हिशेब

एका माणसाचे सहा दिवस, पाच रात्री. होस्टेल किंवा कॅप्सूल रात्री ५,००० प्रमाणे २५,००० येन, त्यावर कराचे १,०००. खाणं रोज ३,५०० प्रमाणे २१,०००. शहरातला प्रवास ६,००० धरा, मेट्रोचा दिवसाचा पास ८२० आणि शनिवार-रविवारी ६२० येन आहे. विमानतळावरून नांबाला नानकाईची साधी गाडी ९७०, जाऊन-येऊन १,९४०. क्योतोला एक दिवस हांक्यु रेल्वेने जाऊन-येऊन ८२०, कोयासान सुमारे ४,०००, तिकिटं वगैरे ५,०००. एकूण ६५,००० येनच्या आत, म्हणजे सुमारे ३९,००० रुपये. विमान भाडं आणि व्हिसा वेगळा, आणि मुंबईहून जाताना भाडंच बहुधा या सगळ्यापेक्षा जास्त होतं. बँकॉक, हाँगकाँग किंवा क्वालालंपूरमार्गे तिकिटं पाहा. भारतीयांना एप्रिल २०२४ पासून ई-व्हिसा मिळतो, पण कागदपत्रं व्हीएफएस केंद्रातूनच द्यायची.

महिना निवडताना चेरीच्या फुलांचा मोह टाळा. एप्रिलअखेर ते ५-६ मे हा जपानचा ‘गोल्डन वीक’, तेव्हा अर्धा जपान फिरायला निघतो आणि दर चढतात. त्यानंतरचे मेचे तीन आठवडे हवा छान, गर्दी कमी, पाऊस जूनमध्ये. आपल्या शाळांनाही नेमकी तेव्हाच सुट्टी असते.