भीमेच्या पाण्याचा ताळेबंद

जललेखा : जलार्थी

सोलापूर जिल्ह्यात फाल्गुन सरून चैत्र लागला की स्थानिक वर्तमानपत्रांत उजनी धरणाच्या साठ्याचा आकडा रोजच्या रोज छापून येऊ लागतो आणि ज्या वर्षी पाऊस ओढ देतो त्या वर्षी तो उणे चिन्हासह येतो. उणे दहा टक्के, उणे पंचवीस टक्के असा तो उतरत जातो. २०१६ आणि २०२४ या दोन वर्षांच्या उन्हाळ्यांत तर तो उणे पन्नासाच्याही पलीकडे गेला. शून्याखाली गेलेल्या या साठ्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, कागदोपत्री रिकाम्या झालेल्या धरणातून पाणी निघते तरी कोठून आणि कोणाच्या मंजुरीने, हे विचारण्याचेही आपल्याला सुचेनासे झाले आहे. भीमा खोऱ्यातील पाण्याच्या अव्यवस्थेचे मूळ याच प्रश्नाच्या उत्तरात आहे अशी माझी धारणा असल्यामुळे तो आज येथे विचारावयाचा आहे.

भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावून सुमारे ८६० किलोमीटरांच्या प्रवासानंतर रायचूरजवळ कृष्णेला मिळणाऱ्या या नदीवर उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयास यशवंतसागर हे नाव मिळाले. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. कोयनेच्या १०५ टीएमसीहूनही अधिक. परंतु नदीचे पात्र पसरट, भिजवावयाची जमीन उंच, म्हणून कालव्यांची मुखेही उंचावर ठेवणे भाग पडले आणि त्यामुळे या ११७ पैकी जवळजवळ ६४ टीएमसी पाणी कालव्यांच्या मुखाखाली, मृतसाठा म्हणून राहिले. उपयुक्त साठा उरला तो ५४ टीएमसीहूनही किंचित कमी. टक्केवारी मोजली जाते ती या उपयुक्त भागाची. तेव्हा उणे पन्नास टक्के याचा अर्थ असा की उपयुक्त साठा संपून गेल्यावर मृतसाठ्यातीलही सुमारे २७ टीएमसी पाणी उपसले गेले. आणि खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या पुण्याला पाणी देणाऱ्या चारही धरणांची मिळून क्षमता सुमारे २९ टीएमसी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या उपशाचे परिमाण कळते.

मृतसाठा हा गाळासाठी, जलचरांसाठी आणि पाऊस अगदीच फिरला तर माणसाजनावरांच्या पिण्यासाठी राखून ठेवावयाचा असतो. घरात कितीही ओढाताण झाली तरी बियाण्याच्या कणगीला हात लावावयाचा नाही, हा दंडक या भागातील शेतकऱ्याने पिढ्यान्पिढ्या पाळला आहे; तोच दंडक सार्वजनिक पाण्याच्या बाबतीत सरकार, कारखाने, शहरे आणि शेतकरी या सर्वांनी मिळून मोडला, आणि तो एखाद्या दुष्काळी वर्षाची लाचारी म्हणून न मोडता दर टंचाईच्या वर्षी मोडावयाची वहिवाट म्हणून मोडला, ही खरी चिंतेची गोष्ट आहे.

हे पाणी जाते कोठे, ते क्रमाने पाहू. त्याचा एक मार्ग नदीचा. सोलापूर शहराची तहान भागविण्यासाठी धरणातून भीमेच्या पात्रात पाणी सोडतात. ते पंढरपूरवरून वाहत खाली औजच्या बंधाऱ्यात पोहोचते आणि तेथून शहरासाठी उचलले जाते. या एकेका पाळीला साधारण पाच-सहा टीएमसी पाणी लागते आणि अशा पाळ्या वर्षातून अनेकदा सोडाव्या लागतात. आता शहराची गरज पाहा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सोलापूरची वस्ती साडेनऊ लाख. माणशी दररोज १३५ लिटर धरले तरी वर्षाची गरज पावणेदोन टीएमसीच्या आत बसते. वर्षाला जेवढे लागते त्याच्या तिप्पट पाणी एकाच पाळीत सोडावयाचे, वाळूत मुरण्यात, उन्हात आटण्यात आणि दोन्ही काठांच्या मोटारींच्या उपशात त्यातील बहुतेक गमवावयाचे, काठावरील वीज तोडण्याचे हुकूम काढावयाचे, आणि एवढे करूनही शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यावयाचे, हा व्यवहार वर्षानुवर्षे चालत आला आहे. शहराला थेट धरणातून पाणी आणणाऱ्या समांतर जलवाहिनीची आवश्यकता कोणीच नाकारली नाही. तरी तिचे काम इतकी वर्षे रेंगाळले, आणि त्या प्रत्येक वर्षाची किंमत खोऱ्याने पाण्यात मोजली.

दुसरा मार्ग उपशाचा. इंदापूर तालुक्यातील पळसदेवच्या बाजूला भर उन्हाळ्यात गेले असता जे दिसते ते कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा अधिक बोलके आहे. पाणी हटलेले असते, पळसनाथाचे एरवी बुडालेले प्राचीन देऊळ शिखरापासून पायथ्यापर्यंत उघडे पडलेले असते, आणि भेगाळलेल्या गाळातून काळ्या पाइपांच्या ओळी दूर सरकलेल्या पाण्याकडे गेलेल्या असतात. पाणी हटले की शेतकरी मोटार पुढे नेतो, केबल वाढवितो, पाइपाचा आणखी एक तुकडा जोडतो. तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र लावून गाळात चर खणतो आणि त्या चरातून पाणी मोटारीपर्यंत ओढून आणतो. या खटपटीस कर्ज काढून पैसा घालावा लागतो, रात्री जागाव्या लागतात. आणि ती करणाऱ्यांपैकी अनेकांच्या वाडवडिलांची घरे व जमिनी याच जलाशयाखाली गेलेल्या आहेत. ज्यांचे गाव बुडवून धरण झाले त्यांचा त्या पाण्यावर काहीच हक्क नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे असे मला तरी वाटत नाही. परंतु हक्क म्हटला की त्याची मोजदाद आली, मर्यादा आली. परवाना किती अश्वशक्तीच्या मोटारीचा, प्रत्यक्ष चालते ती किती अश्वशक्तीची, आणि तिने हंगामात किती घनमीटर पाणी उचलले याची नोंद लाभधारकाला वाचता येईल अशा एका वहीत नसेल, तर खाली मोहोळ-मंगळवेढ्याच्या शेवटच्या चारीवर आवर्तनाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या वाट्याचे पाणी कोठे गेले हे कोण सांगणार?

या दोन्ही मार्गांनी वाहणारे पाणी शेवटी मुख्यतः एकाच पिकाशी येऊन थांबते, ते म्हणजे ऊस. उजनीचा मूळ हेतू अवर्षणप्रवण टापूतील खरीप व रब्बीच्या पिकांना आधार देण्याचा होता. आठमाही सिंचन हे त्याचे तत्त्व होते. आज मात्र सालीना साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणारा सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात अग्रभागी आहे. राज्यातील पिकांखालच्या क्षेत्रापैकी सुमारे चार टक्के क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी दोनतृतीयांशाच्या आसपास पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने आपल्या अहवालांत नोंदविले आहे. पाटाने भिजविलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाकाठी वीस हजार घनमीटर पाणी धरले, तर सोलापूर शहराचे वर्षाचे पिण्याचे पाणी सुमारे २,३०० हेक्टर उसात संपते. आणि उजनीच्या छायेतील उसाच्या क्षेत्राचा हा अगदी लहानसा तुकडा आहे.

येथे शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होण्याचा मोह टाळला पाहिजे. तो ऊस लावतो याचे कारण त्याला पाण्याची किंमत कळत नाही हे नव्हे. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, कारखाना स्वतः तोडणीची टोळी पाठवितो, नोंद असलेल्या उसावर सोसायटीचे कर्ज मिळते, आणि गारपीट झाली, आवर्तन आठ दिवस लांबले तरी पीक उभे राहते. याउलट कांद्याचा भाव एका रात्रीत कोसळतो, डाळिंबावर तेल्या पडतो, तुरीच्या खरेदीकेंद्राचे दार उघडेल की नाही याचा भरवसा नसतो. ज्या मंगळवेढ्यात काळ्या जमिनीच्या ओलीवर, पाटाच्या पाण्यावाचून मालदांडी ज्वारी पिकते, जेथील कोठारे दुष्काळात रयतेसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे नाव पाच शतकांनंतरही घरोघर घेतले जाते, त्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण उसाइतकी खात्रीची खरेदी मिळाली नाही. पाण्याचा अपव्यय थांबविण्याची सुरुवात म्हणूनच बाजारापासून झाली पाहिजे. कमी पाण्याच्या पिकाला हमीचे गिऱ्हाईक दिल्याशिवाय जास्त पाण्याचे पीक सोडण्याचा उपदेश करणे न्यायाचे नाही.

खोऱ्याच्या वरच्या अंगाचाही हिशेब यात धरावा लागतो. पुणे शहर आपल्या मंजूर कोट्याहून अधिक पाणी उचलते आणि त्यातील बरेचसे पुरेशी प्रक्रिया न होता मुळा-मुठेतून भीमेत व भीमेतून उजनीत येते. मुळशीसह घाटमाथ्यावरील टाटांच्या धरणांचे पाणी भीमेच्याच खोऱ्यातले असून वीजनिर्मितीसाठी कोकणात उतरविले जाते. ज्या मुळशीसाठी १९२१ साली सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट हे नाव ज्या लढ्याने महाराष्ट्राच्या घराघरांत नेले, तिचे पाणी पूर्वेकडे वळवावे ही मागणी नवी नाही आणि गैरवाजवीही नाही. कृष्णेचे पाणी भीमेत आणण्याच्या योजनाही अनेकांच्या तोंडी आहेत. परंतु बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले ५६० टीएमसी ही कृष्णा खोऱ्यातील आपली दीर्घकाळची मर्यादा राहिली आहे. खाली कर्नाटक, तेलंगण व आंध्र यांचेही पोट त्याच नदीवर आहे. जे पाणी हातात आहे त्याचा जमाखर्च न ठेवता दुसऱ्या खोऱ्यातून पाणी आणले, तर नव्या पाण्यावर नवा ऊस उभा राहील आणि काही वर्षांनी उणे टक्क्यांचा आकडा पुन्हा त्याच जागी छापावा लागेल.

कायदे नाहीत अशीही स्थिती नाही. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात टंचाईच्या काळी खोऱ्यातील वरच्या व खालच्या लाभधारकांनी तुटीचा भार समन्यायाने वाटून घ्यावा, असे तत्त्व घातले आहे. याच तत्त्वावर गोदावरी खोऱ्यात नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचे निर्णय झाले आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते तत्त्व उचलून धरले. कालव्यावरील बारमाही पिकांना ठिबक वा तुषार पद्धतीशिवाय पाणी देऊ नये, अशी तरतूदही त्याच कायद्यात आहे. २००५ सालीच झालेल्या दुसऱ्या कायद्याने पाणीवापर संस्थांना पाणी मोजून देण्याची व्यवस्था सांगितली. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी करून, पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरविता कुटुंबातील माणसांवर ठरवावा आणि त्या पाण्यावर ऊस घेऊ नये, हे त्याच्या कितीतरी आधी करून दाखविले होते. ज्ञान आहे, कायदा आहे, दाखलाही आहे. भीमेच्या काठी उणीव आहे ती मोजणीची, आणि मोजणी झाल्यावर जे निष्पन्न होईल ते मान्य करण्याच्या इच्छेची.

म्हणून माझे मागणे मर्यादित आहे. पावसाळा संपून १५ ऑक्टोबरला धरणातील पाणी निश्चित कळते; त्यानंतर कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि आवर्तने ठरतात. त्या बैठकीपूर्वी खोऱ्याचा संपूर्ण ताळेबंद लोकांपुढे मांडला जावा : वरच्या धरणांत किती, पुण्याने किती उचलले, जलाशयातील मोटारींचा मोजलेला उपसा किती, कालव्यांना किती, नदीत किती आणि बाष्पीभवनात किती. दुसरे, पुढील पावसाळा दोन महिने लांबला तरी पिण्याला पुरेल एवढा मृतसाठा आधी बाजूला काढून, ज्या पातळीखाली शेती, कारखाना वा उपसा योजना यांपैकी कोणासही पाणी मिळणार नाही, ती पातळी मीटरांत जाहीर व्हावी. तिसरे, जलाशयावरील प्रत्येक उपशाला मीटर बसावा आणि पाणीपट्टी एकरांवर न घेता घनमीटरांवर घ्यावी. विस्थापितांचा वाटा त्यात प्रथम व निःसंदिग्धपणे नोंदविला जावा. चौथे, उसाचे नवे गाळप परवाने देताना त्या कारखान्याच्या क्षेत्रात मोजलेले पाणी किती आहे, हा दाखला जोडल्याशिवाय अर्ज दप्तरी दाखलच करून घेऊ नये.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवे धरण लागत नाही. लागतो तो लोकांचा तगादा. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि धाराशिव या जिल्ह्यांतील वाचकांना माझी विनंती आहे की, येत्या ऑक्टोबरात आपल्या गावच्या ग्रामसभेत एक ठराव मांडावा आणि तो पाटबंधारे खात्याकडे रीतसर धाडून पोच घ्यावी : भीमा खोऱ्याच्या पाण्याचा ताळेबंद जाहीर झाल्याशिवाय एकही आवर्तन ठरवू नये.