सन्मानपत्रावर दुसरेही नाव हवे

३१ डिसेंबर १९७२ची रात्र. पोर्तो रिकोमधल्या सॅन हुआनच्या विमानतळावरून मदतसाहित्याने खचाखच भरलेले एक जुने मालवाहू विमान उडाले आणि काही क्षणांतच समुद्रात कोसळले. आठच दिवसांपूर्वी निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली होती. आधी पाठवलेली मदत तिथले सैनिक मधल्यामध्येच लाटतात, असे कानावर आल्यामुळे पिट्सबर्ग पायरेट्सचे विख्यात बेसबॉलपटू रॉबर्टो क्लेमेंटे स्वतः त्या विमानात बसले होते. त्यांचा मृतदेह कधीच सापडला नाही.

अमेरिकेत बेसबॉल पाहणाऱ्या बहुतेकांना ही कहाणी ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही.

रॉबर्टो यांच्या पत्नी व्हेरा क्लेमेंटे तेव्हा ३१ वर्षांच्या होत्या आणि पदरात तीन लहान मुलगे होते. गरीब मुलांना खेळता यावे, त्यांचे पाय वाकड्या वाटेला जाऊ नयेत, यासाठी पोर्तो रिकोत एक क्रीडानगरी उभारायची, हे रॉबर्टो यांचे स्वप्न अर्धवट राहिले होते. व्हेरांनी ते हाती घेतले. कॅरोलिना या गावी सरकारकडून मिळालेल्या सुमारे ३०० एकर जागेवर मैदाने उभी राहिली, हजारो मुले तिथे खेळली, रुबेन सिएरासारखे व्यावसायिक खेळाडूही तिथून पुढे आले. नंतरच्या काळात पैसा आटला, मैदानांची दुरवस्था झाली. पण २०१९ मध्ये निधन होईपर्यंत व्हेरांनी या कामाशी असलेले नाते तोडले नाही.

मेजर लीग बेसबॉल दरवर्षी ‘रॉबर्टो क्लेमेंटे पुरस्कार’ देते. मैदानावरच्या खेळाइतकेच समाजासाठी केलेले काम त्यासाठी पाहिले जाते. लीगमधला प्रत्येक संघ आपल्या एका खेळाडूचे नाव सुचवतो आणि ३० जणांतून एकाची निवड होते. अनेक वर्षे हा पुरस्कार द्यायला व्हेरा स्वतः उपस्थित असत. पुरस्कारावर नाव मात्र खेळाडूचे, आणि फक्त त्याचेच. ही प्रथा आता बदलायला हवी.

२०१२ चे मानकरी क्लेटन केरशॉ यांचेच उदाहरण घ्या. लॉस एंजेलिस डॉजर्सचा हा डावखुरा पिचर झांबियातल्या अनाथ मुलांच्या कामाशी जोडला गेला तो पत्नी एलन यांच्यामुळे. एलन लग्नाआधीपासून तिथे जात होत्या. डिसेंबर २०१० मध्ये लग्न झाले आणि थोड्याच दिवसांत त्या नवऱ्यालाही सोबत घेऊन गेल्या. पुढच्या हंगामात केरशॉ यांनी आपल्या चेंडूंवर ‘स्ट्राइक आउट’ होणाऱ्या प्रत्येक फलंदाजामागे ठरावीक रक्कम बाजूला काढली आणि त्या वर्षी असे २४८ फलंदाज बाद केले. त्यातून लुसाका शहरात मुलांसाठी घर उभे राहिले. चेंडू केरशॉ यांनी टाकले, हे खरेच. त्या मुलांपर्यंतची वाट मात्र एलन यांनी आधीच चालून ठेवली होती.

२००८ चे मानकरी अल्बर्ट पुहोल्स. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांसाठी आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या गरिबांसाठी त्यांच्या कुटुंबाची संस्था २००५ मध्ये सुरू झाली. डाऊन सिंड्रोम असलेली मुलगी घरातच होती. त्यामुळे तिच्यासारख्या मुलांना काय हवे असते, हे आई डीड्रा यांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. पुढे माणसांच्या तस्करीविरुद्ध ‘स्ट्राइक आउट स्लेव्हरी’ ही मोहीमही त्यांनीच चालवली.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: पैसा नवऱ्याचा, प्रसिद्धीही नवऱ्याची, मग बायकोचे वेगळे श्रेय ते कोणते?

याचे उत्तर ओकलँडमध्ये मिळते. २०१५ मध्ये ओकलँड अ‍ॅथलेटिक्सने समलिंगी आणि ट्रान्सजेंडर प्रेक्षकांच्या सन्मानार्थ एक सामना ठेवला, तेव्हा काही प्रेक्षक नाराज झाले आणि तिकिटे विकून टाकण्याची भाषा करू लागले. पिचर शॉन डूलिटल यांची मैत्रीण एरिन डोलन यांनी त्यांना सांगितले: तिकिटे मला विका, मी ती समलिंगी आणि ट्रान्सजेंडर तरुणांना देईन. डोलन दोन आयांच्या घरात वाढलेल्या. हा प्रश्न त्यांच्या घरातला होता. लोकांनी सुमारे ४० हजार डॉलर गोळा करून दिले. त्याच वर्षी या जोडप्याने शिकागोत १७ सीरियन निर्वासित कुटुंबांना थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बोलावले. दोघांचे लग्न २०१७ मध्ये झाले. म्हणजे तिकिटांचा तो निधी नवऱ्याच्या खिशातून आला नव्हता, आणि ‘खेळाडूची बायको’ ही ओळखही तेव्हा नव्हती.

या कामामागचे कष्टही लक्षात घ्यायला हवेत. बेसबॉलच्या हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने, त्यातले निम्मे परगावी. फेब्रुवारीतच सराव शिबिर सुरू होते. अदलाबदलीत खेळाडू दुसऱ्या संघात गेला, की भर हंगामात बिऱ्हाड हलवायचे, मुलांच्या शाळा बदलायच्या. हे सारे सांभाळून खेळाडूंच्या बायका स्टेडियमच्या दारात उभ्या राहून अन्नपेढीसाठी डबाबंद अन्न गोळा करतात, स्वाक्षरीचे चेंडू विकून रुग्णालयांसाठी पैसे उभे करतात. वृत्तवाहिन्यांचा कॅमेरा त्यांच्याकडे वळतो तो बहुधा त्या प्रेक्षागृहात टाळ्या वाजवत असताना.

आणि कामाची तडफ पाहायची तर रेचेल रॉबिन्सन यांच्याकडे पाहावे. १९४७ मध्ये मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडणारे जॅकी रॉबिन्सन ऑक्टोबर १९७२ मध्ये गेले, क्लेमेंटेंच्या दोन महिने आधी. त्यांच्या पत्नी रेचेल शिक्षणाने परिचारिका. येल विद्यापीठात त्यांनी परिचर्याशास्त्र शिकवले होते. १९७३ मध्ये त्यांनी जॅकी रॉबिन्सन फाउंडेशन स्थापन केले. ही संस्था महाविद्यालयाची फी भरून मोकळी होत नाही, चारही वर्षे विद्यार्थ्याच्या पाठीशी मार्गदर्शक उभा करते. गरिबांना परवडतील अशी घरे बांधणारी कंपनीही रेचेल यांनी चालवली. जुलै २०२२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या जॅकी रॉबिन्सन संग्रहालयाची फीत कापली गेली, तेव्हा त्या व्हीलचेअरवरून तिथे हजर होत्या. वयाची शंभरी पूर्ण होऊन आठवडाच झाला होता.

१५ सप्टेंबरला लीग क्लेमेंटे दिन पाळते आणि त्यांचा २१ क्रमांक अनेक खेळाडू पाठीवर मिरवतात. जिथे काम जोडीने उभे राहिले आहे, तिथे संघांनी नाव सुचवताना दोघांची नावे द्यावीत आणि लीगने सन्मानपत्रावर ती दोन्ही छापावीत. त्यासाठी नियमात एक ओळ वाढवावी लागेल. जो पुरस्कार व्हेरा क्लेमेंटेंनी इतकी वर्षे आपल्या हातांनी दिला, त्याच्या नियमावलीत तेवढी जागा नक्कीच निघेल.