विमानात हुकूम कोणाचा?

२ जानेवारी २०२४. टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले आणि पेटले. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. मोठ्या विमानात ३७९ माणसे होती. ध्वनिक्षेपक बंद पडलेला, केबिनभर धूर, आठांपैकी तीनच दरवाजे वापरण्याजोगे! केबिन क्रूने भोंगे हाती घेऊन, घसा फोडून हुकूम दिले. प्रवाशांनी बॅगा जागच्या जागी सोडल्या. सगळेच्या सगळे ३७९ जिवंत बाहेर पडले.

आता आपल्याकडचे कोणतेही विमान आठवा. चाके धावपट्टीला टेकतात न टेकतात तोच पट्टे खटाखट सुटतात, कप्पे उघडतात, माणसे वाटेत उभी! बसा म्हणून सांगणाऱ्या मुलीला 'तू मला शिकवणार?' असे ऐकावे लागते. मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळते ती निम्मे दरवाजे बंद ठेवूनही ९० सेकंदांत ते रिकामे होते, हे सिद्ध झाल्यावर. त्या हिशेबात वरची बॅग काढायला एक सेकंदही धरलेला नाही. मे २०१९ मध्ये मॉस्कोत जळत्या विमानातून बॅगा घेऊन उतरणारे प्रवासी जगाने पाहिले. त्या विमानातल्या ७८ जणांपैकी ४१ जण मेले.

पण हे उद्दामपण प्रवाशाला शिकवले कोणी? विमान कंपन्यांनी! आग लागली तर दार उघडून घसरगुंडी सोडायची, माणसांना बाहेर लोटायचे, हे ज्यांचे पहिले काम, त्यांना तुम्ही उपमा आणि चहा विकायला लावता. आपत्कालीन दरवाजाजवळची जागा तुम्ही पाय पसरायची सोय म्हणून जादा पैशाने विकता. तिथे बसणाऱ्याला दार उघडता येईल का, हा प्रश्न घाईघाईत, मान डोलावण्यापुरता उरतो. एअर इंडियात एके काळी हवाई सुंदरीची नोकरी पहिल्या गरोदरपणाबरोबर संपत असे. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र त्याच निकालाने कायम ठेवली. जिला आपण अशा अटींवर नोकरीला ठेवत आलो, तिचा हुकूम संकटात मानायची सवय आपल्याला लागणार कुठून?

आणि मोठ्या माणसांचे काय? मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी विमानातल्या जागेच्या वादातून एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारले आणि ते कॅमेऱ्यासमोर सांगितलेही. कंपन्यांनी बंदी घातली, संसदेत गदारोळ झाला, खेदाचे पत्र गेले आणि पंधरवड्यात बंदी उठली. महाराष्ट्राने याची लाज बाळगली पाहिजे. बेशिस्त प्रवाशांसाठी उड्डाणबंदीची यादी आणि शिक्षेच्या तीन पायऱ्या त्याच वर्षी नियमात आल्या.

क्रूलाही आम्ही मोकळे सोडणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानात एका वृद्ध महिलेवर सहप्रवाशाने लघवी केल्याची तक्रार झाली; नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला ती कळायला जानेवारी उजाडला! दंड झाला ३० लाख, वैमानिकाचा परवाना गेला तीन महिने. पुढच्याच वर्षी दुबई-दिल्ली विमानात वैमानिकाने मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवले. पुन्हा ३० लाख, पुन्हा तीन महिने! स्वतः नियम मोडणाऱ्याने प्रवाशाला पट्टा बांध म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे? नियम पाळणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांचा शब्द अशा लोकांनी हलका केला आहे.

महासंचालनालयाने आता नोटिसांचा खेळ थांबवावा. पट्ट्याचा दिवा लागलेला असताना गाडी फिरवून विक्री करणे बंद करा. आपत्कालीन दरवाजाजवळच्या जागेवरचे जादा शुल्क रद्द करा. विमान थांबण्याआधी उठणाऱ्याला जागीच दंड करा, मग त्याच्या खिशात आमदारकीचे ओळखपत्र का असेना. कोल्हापूर, नांदेड, नागपूरहून उडणाऱ्या विमानांत सुरक्षेच्या सूचना मराठीतही द्या. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या शेतकऱ्याला आपला दरवाजा कुठला हे त्याच्या भाषेत कळले पाहिजे. आणि गैरवर्तनाची नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्यावर 'मिटवून टाका' म्हणून दबाव आणणारा अधिकारी सापडला, तर आधी त्याला घरी बसवा.