कोळगावची खेप वाचली पाहिजे

संपादक महोदय,

'सगळे ऑनलाइन आहे, लोकच शिकत नाहीत' हे आपल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. 2014 साली पालघर जिल्हा झाला, पुढे कोळगावला मुख्यालय उभे राहिले. पण मोखाड्याहून कोळगावला येणे म्हणजे अख्खा दिवस आणि बुडालेली मजुरी. सरकारी संकेतस्थळाने वाचवायची ती ही खेप.

शेजारच्या मुलीला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी हवी होती. एका संकेतस्थळावर आधी उद्घाटनांचे सरकते फोटो, मग मान्यवरांचे संदेश. यादी सापडली 'परिपत्रके'खाली, तिरक्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. मोबाइलवर अक्षर मोठे केले की अर्धी ओळ पडद्याबाहेर. अशी नुसती चित्रे अंध व्यक्तीचा स्क्रीन रीडरही नीट वाचू शकत नाही. यात त्या मुलीने नेमके काय शिकायचे होते?

ब्रिटिश सरकारने 2012 मध्ये आपली संकेतस्थळे एकत्र आणताना पहिले तत्त्व ठरवले, की सुरुवात लोकांच्या गरजेपासून करायची. आपल्याकडे मेनू शाखांप्रमाणे लागतो. आपले काम कोणत्या शाखेचे, हे येणाऱ्याला कुठे ठाऊक असते! पहिल्याच पानावर दाखला, सातबारा, रेशनकार्ड अशी कामांची नावे हवीत. त्याखाली कागद, फी, मुदत. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने फी आणि मुदत जाहीर करणे तर बंधनकारकच आहे. आणि पान खुले करण्याआधी तलासरीच्या एखाद्या सेतू केंद्रात बसून चार माणसांना ते वापरताना पाहा, मध्ये न बोलता.

— एक वाचक, बोईसर