शेवट कापलेला मजकूर

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून महाप्याकडे जाताना कारखान्यांच्या रांगेत काही अवाढव्य, अबोल इमारती दिसतात. ती डेटा सेंटरे. देशाच्या विद्याचा फार मोठा साठा नवी मुंबईच्या या पट्ट्यात आहे. त्याच्या शेजारी वाढणाऱ्या मुलांना आंतरजालाविषयी शाळा काय शिकवते? बहुधा वर्षातून एक व्याख्यान, पडद्यावर नकारांची यादी, शेवटी शपथ आणि सामूहिक छायाचित्र. अनोळखी माणसाशी बोलू नका, छायाचित्रे टाकू नका, मत मांडू नका. या यादीला 'डिजिटल नागरिकत्व' असे भारदस्त नाव देण्याला आमचा आक्षेप आहे.

पासवर्ड कसा राखावा, ओटीपी कुणाला सांगू नये, फसवणूक झाल्यास १९३० हा क्रमांक फिरवावा, हे मुलांना ठाऊक हवेच. पण ते एका तासात सांगून होते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो, आणि तो तंत्राचा नाही, वाचनाचा आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर जगणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून त्यांच्या आधी तिथे पोहोचली होती. त्या जमावाला अनोळखी माणसापासून सावध राहायला शिकवण्याची गरज होती काय? तो धडा त्याला नको इतका पाठ होता.

त्याच वर्षी देशात अशा अफवांबरोबर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मूळ फीत कराचीतील 'रोशनी' या संस्थेची. मूल सहज पळवता येते, तेव्हा लक्ष ठेवा, असे पालकांना सांगण्यासाठी केलेली. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी हा शेवट कापला, आणि बालसुरक्षेचा धडा टोळीचा पुरावा ठरला. राईनपाड्याला हीच फीत कारण झाली, असे आमचे म्हणणे नाही. पण साहित्याच्या अभ्यासकांनी या उदाहरणापाशी थबकायला हवे. निवेदक कोण, तो कुणाला उद्देशून बोलतो आहे, संदर्भ कोणता, काय वगळले आहे, हे प्रश्न आपण कथा-कवितेला रोज विचारतो. ते या फितीला विचारणे एवढेच बाकी होते.

आता दुसरी बाजू. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला, तिच्या मैत्रिणीने तो पसंत केला, आणि दोघींना अटक झाली. श्रेया सिंघल या तरुणीने याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. नकारांच्या यादीवर वाढलेले मूल या प्रसंगातून काय शिकेल? मुलींनी गप्प बसायला हवे होते, इतकेच. नागरिकत्वाचा धडा त्याला नेमके उलटे सांगेल.

यावर उत्तर येते की भाषेच्या शिक्षकांनी व्याकरण सांभाळावे, संगणकाचे संगणकवाल्यांवर सोपवावे. हे उत्तर सोयीचे आहे, आणि ते देणाऱ्यांत आपलीच मंडळी अधिक आहेत. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. म्हणजे नेरुळ-वाशीच्या इंग्रजी शाळेतही आठवड्यातले काही तास आपल्या हाती आहेत. त्या तासांना आपण 'रसग्रहण करा'ची ठरीव उत्तरे लिहवून घेतो, आणि त्याच मुलाच्या खिशातल्या मजकुराकडे पाठ फिरवतो.

एकदा फळ्यावर असा एखादा आलेला निरोप लिहावा. हा कोण बोलतो आहे? 'सर्वांना पाठवा' ही आज्ञा का? स्थळकाळ का नाही? शेवट कुठे गेला? वर्ग बोलू लागेल. हा तास घेण्याला कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. आपण तो घेत नाही, ही जबाबदारी मात्र आपली.